आम्ही पाठवतो, मी बघते

दुखलं तर डावा हात वर करा.

बटण धुताना कपडा उलटा करावा. पिळू नये.

"हो आई, जेवले."

खिडकीजवळची खुर्ची वर जाते, खाली येत नाही.

आपली ऑर्डर आम्हाला मिळाली आहे. आमची टीम लवकरच आपल्याशी संपर्क साधेल.

"काका, आज तरी याल ना? नाही हो, अजिबात दुखणार नाही. नाही, शिकाऊ नाही... म्हणजे आहे, पण शेवटच्या वर्षाची आहे!"

हिरवा दोरा संपला.

हे सगळं एकाच मुलीच्या एकाच दिवसातलं. खरं तर नीट क्रमानं लावून सांगायला हवं. पण तिचा दिवसच कधी क्रमानं लागलेला नसायचा, त्याला सांगणारा तरी काय करणार?

ती दातांच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. आणि उरलेल्या वेळात (हा शब्द तिच्या मैत्रिणीचा, तिला उरलेला वेळ म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं) ती बटणं करायची. कापडाची गोल चकती कापायची, तिच्यावर रेशमी दोऱ्यानं एखादं पान, एखादा मासा, एखादा ढग भरायचा, कडेनं धावदोरा घालायचा, आत लाकडाची टिकली ठेवून दोरा खेचायचा... की झालं बटण. सुरुवात कॉलेजातच झाली होती. हिरडीला टाके कसे घालायचे ते आधी कापडावर शिकवतात. सगळ्यांनी सरळ रांगेत टाके घातले, हिच्या कापडावर पान उमटलं. सरांनी ते वर धरून सगळ्या वर्गाला दाखवलं आणि म्हणाले, "असं तोंडात करायचं नाही." वर्ग हसला. हिनं पान घरी नेलं.

दुकान फोनमध्ये होतं. नाव 'हातचं'.

"हातचं म्हणजे कसलं गं?" आईनं फोनवर विचारलं होतं. "बेरजेतला हातचा?"

"हातानं केलेलं, आई."

"मग तसं लिही की. लोकांना वाटेल गणिताचा क्लास आहे."

आणि या दुकानात कधी 'मी' नसायची. 'आम्ही' असायचो. आम्ही पाठवतो, आम्ही बदलून देतो, आम्ही दिलगीर आहोत. एकटी पोरगी, एक पलंग, पलंगाखाली कापडाच्या दोन पिशव्या... पण गिऱ्हाईकाला कसं, मागे माणसं उभी आहेत असं वाटलं पाहिजे. शिवाय आपल्या भाषेत 'आम्ही'ची एक मोठी सोय आहे. 'मी पाठवते' म्हटलं की एक बाई आहे, आणि एकटीच आहे, दोन्ही गोष्टी उघड. 'आम्ही पाठवतो' म्हटलं की बाप्या आहे की बाई, एक आहे की पन्नास, काही पत्ता लागत नाही. दमलेल्या माणसाला लपायला याहून चांगली जागा नाही.

तो आला तेव्हा ती उभ्या उभ्या झोपली होती.

"डॉक्टर?"

"जागी आहे."

"मी तसं विचारलं नव्हतं."

तिनं डोळे उघडले. बाहेर सकाळपासून भुरभुर चालली होती, आणि समोरचा माणूस भिजलेला, एका गालावर हात धरून उभा होता. दुसऱ्या हातात हेल्मेट. अंगात राखाडी लोकरीचा कोट. वासावरून सांगायचं तर ओली लोकर आणि थोडं मशीनचं तेल.

"बसा. काय काम करता?"

"लिफ्ट दुरुस्त करतो. दाताला सांगायला लागतं का ते?"

"दाताला नाही. मला. म्हणजे... किती वेळ बसू शकाल ते कळतं."

"शाफ्टमध्ये तासन्‌तास लटकतो. तुमची खुर्ची म्हणजे चैन."

ती त्याच्या गळ्याभोवती निळा कागदी रुमाल अडकवायला वाकली. आणि हात तिथंच थांबला.

कोटाचं वरून दुसरं बटण.

बाकीची चार साधी, काळी. हे हिरव्या पानाचं. पानाची मधली शीर खालून वर सरळ आली होती आणि अगदी टोकाशी एक टाका भलतीकडेच गेला होता. तो टाका झोपेत पडलेला होता. जगात दुसरं कुणी असा टाका घालणार नाही. कारण दुसरं कुणी त्या दिवशी तिच्या पलंगावर, तिच्या मानेनं, पेंगत बसलेलं नव्हतं.

"काही प्रॉब्लेम?" त्यानं विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "तोंड उघडा."

त्याच्या आधीचं सांगायचं राहिलं.

दोन महिन्यांपूर्वी दुकानाला एक निरोप आला होता.

*— एक बटण हवं आहे.*

*— आमची बटणं सहाच्या संचात मिळतात.*

*— माझं एकच तुटलंय. बाकीची पाच तुम्हीच ठेवा, सांभाळून.*

*— आम्हाला विचारावं लागेल.*

*— कुणाला?*

ती तेव्हा बसमध्ये होती, मांडीवर जबड्याचा प्लास्टरचा साचा, आणि का कोण जाणे तिला हसू आलं.

*— सुट्या मालाच्या विभागाला.*

*— बापरे. तुम्ही किती जण आहात?*

*— चौघं.*

चौघं! एकदा तोंडातून गेलं ते गेलं. मग त्या चौघांना कामं वाटून द्यावी लागली. एक कापणारा, एक भरणारी, एक पार्सलवाला, आणि चौथा तक्रार विभाग. बटण पोचल्यावर त्यानं तक्रार विभागाकडं चौकशी केली, की पानाचा शेवटचा टाका वाकडा आहे, हा नमुना आहे की अपघात?

*— चौकशी चालू आहे. बदलून देऊ?*

*— नको. मला आवडला. बाकीचं पान शहाणं आहे, तोच एक जरा...*

तिच्या फोनमध्ये त्याचं नाव 'एक बटण' असं होतं. आठवड्यातून एखाददोनदा काहीबाही यायचं. आज लोकरीवर पाणी पडलं, पान ठीक आहे. आज साहेबांनी विचारलं हे काय, मी म्हटलं हातचं. ती 'आम्ही' होऊन उत्तरं द्यायची. चौघांनाही तो आवडायला लागला होता. पण ते कुणाकडं नोंदवायचं, यासाठी विभाग नव्हता.

आणि आता तो आडवा, तोंड वासून, तिच्या दिव्याखाली.

सांगून टाकायचं होतं ना मग? सरळ होतं. मास्क खाली करायचा आणि म्हणायचं, अहो, ते वाकडं पान माझं!

पण इथं एक भानगड होती. मागची एक दाढ आतून पार किडली होती, म्हणजे रूट कॅनाल, म्हणजे चार-पाच खेपा. आणि परीक्षेला बसायला तिला नेमकी एक रूट कॅनालची केस पूर्ण करायची राहिली होती. त्याआधीच्या दोघांनी दगा दिला होता. एका काकांचा दात दुखायचा थांबला, तसे काकाही थांबले. एक बाई मुलीकडं गेल्या त्या गेल्याच. पेशंट असाच असतो, दुखलं तर येतो, लाजला, रागावला, अवघडला की येत नाही. हा अवघडला तर? तर वर्ष गेलं. शेजारच्या खुर्चीवरची मैत्रीण रोज एकच मंत्र म्हणायची, "पेशंटला हसवू नकोस, रडवू नकोस, फक्त परत बोलव."

म्हणून ती गप्प बसली. हे कारण खरं होतं. दुसरंही एक होतं, त्याच्याकडं ती बघायची टाळायची.

तिनं दाढेवर रबराचं पातळ पांघरूण घातलं, ओठ फाकून अडकवले. आता तो बोलू शकत नव्हता. ती बारीक सुईनं दाढेच्या मुळात उतरत गेली. खिडकीच्या काचेवर थेंब सरकत होते. अचानक त्याचा डावा हात वर गेला.

तिनं घाईघाईनं सगळं काढलं. "दुखलं?"

"नाही."

"मग?"

"तुम्ही जेवलात का?"

शेजारची मैत्रीण खोकली. खोटं खोकली.

"हात फक्त दुखलं तर वर करायचा," ती म्हणाली. मास्कच्या आत तिचे गाल तापले होते. "आणि... नाही. अजून नाही जेवले."

आईला ती रोज 'हो' सांगायची. याला का खरं सांगितलं, देव जाणे.

त्या संध्याकाळी फोन वाजला.

*— तक्रार विभाग आहे का? तक्रार बटणाची नाही.*

*— बोला.*

*— दाढेचं काम काढलंय. डॉक्टर झोपेत काम करते असं वाटतं, पण दुखत नाही. मास्कच्या वर फक्त डोळे दिसतात. डोळ्यांखाली हे एवढं काळं. पण डोळे...*

*— डोळ्यांबाबत आमच्या विभागाला मत नाही.*

*— मला आहे.*

तिनं फोन उशीखाली ठेवला. मग काढला. मग ठेवला.

दुसरी खेप. तिसरी खेप. तो दर वेळी वेळेवर यायचा, ओल्या लोकरीचा वास घेऊन. खुर्चीत बसता बसता काहीतरी बोलून घ्यायचा, कारण पुढं तासभर बोलायची सोय नसायची. "डॉक्टर, आज तुमच्या बोटाला काय झालं?" सुई टोचली होती, कुठली ते तिनं सांगितलं नाही. "डॉक्टर, तुमच्या बाहीला रेशमाचा दोरा चिकटलाय." तिनं तो झटकला. "राहू द्या की, छान दिसत होता." आणि संध्याकाळी हेच सगळं, आतल्या बाजूनं, तक्रार विभागाकडं यायचं. आज तिच्या बाहीला दोरा होता. तो काढल्यावर मला उगाच वाईट वाटलं. असं कुणाला सांगता येत नाही, तुम्ही चौघं अनोळखी आहात म्हणून सांगतो.

म्हणून सांगतो!

तिला रडू यायला पाहिजे होतं, पण त्यालाही जरा ताकद लागते. अभ्यास होता. पार्सलं होती. कुणाच्या तरी बाळाच्या झबल्यासाठी ढगांचे दोन संच होते. सकाळी वॉर्डात मॅडम विचारायच्या, "तुझी केस कुठवर आली?" ती म्हणायची, "हो मॅडम." मॅडम म्हणायच्या, "मी 'कुठवर' विचारलं." दिवसभर ती कुणाची तरी काहीतरी असायची. हो आई, हो मॅडम, आम्ही दिलगीर आहोत. आणि त्या सगळ्यात 'एक बटण'चे निरोप हीच एक जागा अशी होती, जिथं तिच्याबद्दल कुणीतरी बोलत होतं. हेच ते दुसरं कारण. आता बघितलंत ना, का टाळायची ते?

चौथ्या खेपेनंतरची संध्याकाळ. उद्या शेवटची खेप, दाढ भरायची, एक्स-रे काढायचा, मॅडमची सही. ती कॉलेजच्या लॅबमध्ये प्लास्टर घट्ट होण्याची वाट बघत बसली होती. प्लास्टर सुकताना गरम होतं. थंडीत साचा तळहातात धरला की बरं वाटतं, एखाद्या छोट्या जनावराला धरल्यासारखं. डोळे मिटत होते. फोन थरथरला.

*— आज जरा ठणकतंय. तुमच्याकडे दाताची तक्रार चालते का?*

एका हातात ऊबदार साचा, दुसऱ्या हाताचा अंगठा आपला आपण चालला.

*— भूल उतरली की थोडं ठणकतं. त्या बाजूनं चावू नका. उद्या मी बघते.*

गेला.

मग तिनं वाचला.

मी. बघते.

कापणारा गेला, भरणारी गेली, पार्सलवाला गेला, तक्रार विभागाला कुलूप लागलं. दोन शब्दांत चौघांचा निकाल. सकाळी तो खुर्चीवरून उठताना हेच, असंच, याच शब्दांत तिनं त्याला सांगितलं होतं.

निरोप वाचल्याच्या खुणा उमटल्या. 'लिहीत आहे' असं दिसलं. थांबलं. पुन्हा दिसलं... थांबलं.

मग काहीच नाही.

सकाळी तो आला नाही.

खुर्ची रिकामी. तिनं हत्यारं मांडली, पुन्हा मांडली. भुरभुर थांबून आता नुसतंच मळकट आभाळ होतं.

"येईल गं," मैत्रीण म्हणाली.

"नाही येणार."

"का? हसवलंस?"

"जरा जास्तच."

मॅडम एक फेरी मारून गेल्या. खुर्चीकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं मनाशी हिशोब करून टाकला होता, की वर्ष गेलं. आणि गंमत म्हणजे वर्ष गेल्याचं दुःख हवं तेवढं होईना. दुसरंच काहीतरी गेलं होतं, आणि ते पुढच्या परीक्षेला बसून परत मिळणारं नव्हतं.

दाराशी हेल्मेट दिसलं.

"उशीर—" तो म्हणाला.

"काही सांगू नका. बसा."

तो बसला. मागं टेकला नाही. कोटाची सगळी बटणं लावलेली होती, वरपर्यंत.

"कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. तो टाका बघितला."

"म्हणजे मी रोज संध्याकाळी..." त्यानं गाल चोळला, बहुतेक दुखणारा नव्हे. "डोळे, दोरा, ते सगळं... तुमच्याबद्दल तुम्हालाच. आणि तुम्ही चौघं मिळून वाचत होतात!"

"चौघं नाही. मीच."

"ते कळलं. 'बघते.'" त्यानं हेल्मेट मांडीवर ठेवलं. "लिफ्टमध्ये आरसा असतो ना, तसं वाटतंय. माणूस एकटाच आहे म्हणून तोंडं वेडावतो, आणि मागं कॅमेरा."

तिनं मास्क खाली केला. बोलायचं तर आता पूर्ण तोंडानं बोलायला हवं होतं.

"ऐका. मला तुमची दाढ हवी होती. परीक्षेसाठी. तुम्ही येणं थांबवाल म्हणून नाही सांगितलं. हे वाईट आहे, मला माहीत आहे. दुसरंही कारण आहे, पण तुम्ही या खुर्चीत आहात तोवर ते मी बोलू शकत नाही. तुम्ही पेशंट आहात. म्हणून... ही माझी मैत्रीण. हिचा हात माझ्याहून हलका आहे. दाढ ही भरेल. ते तुम्हालाही बरं."

मैत्रिणीनं हातातला आरसा ट्रेमध्ये टाकला. "वेडी झालीस का?"

"आणि तुमचं वर्ष?" त्यानं विचारलं.

"बघू."

"'बघू' म्हणजे कोण कोण?"

तिनं मास्कची दोरी बोटाला गुंडाळली. मग हळूच म्हणाली, "मी."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. पहिल्यांदाच त्याला मास्कच्या खालचं दिसत होतं: नाकावर मास्कचा वळ, कोरडे ओठ, हनुवटीला प्लास्टरचा पांढरा ठिपका. तो बराच वेळ बघत होता. रागावलेला माणूस इतका वेळ बघत नाही. बघितलं तर राग टिकत नाही.

"रागावलोय मी," तो म्हणाला. "पण तोंड काय, रागावलेलं असलं तरी तेवढंच उघडतं. भरा दाढ."

"नक्की?"

"आधी दाढ. दुसरं कारण नंतर. मी बाहेर थांबेन."

आणि तो मागं टेकला.

तिनं त्या दिवशी जितकं नीट काम केलं, तितकं आधी केलं नव्हतं. तो डोळे मिटून पडला होता. एकदाही हात वर केला नाही. एक्स-रेत दाढेची मुळं टोकापर्यंत पांढरी भरलेली दिसली. मॅडमनी तो उजेडात धरला, चष्मा वर केला, खाली केला.

"बरं आहे," म्हणाल्या. मॅडमच्या तोंडून 'बरं' म्हणजे इतरांच्या तोंडून टाळ्या. सही झाली.

ती बाहेर आली. लांबलचक व्हरांडा, फिनाईलचा वास, भिंतीला लागून एक बाक. बाकावर तो. तिची पार्सलांची पिशवी ती सकाळी तिथंच विसरली होती, ती त्यानं मांडीवर घेतली होती, कुणी नेऊ नये म्हणून. गाल सुजल्यामुळं एका बाजूनं लहान मुलासारखा दिसत होता.

"आता मी पेशंट नाही," तो म्हणाला. भुलीमुळं 'पेसंत' असं काहीतरी ऐकू आलं.

"नाही."

"मग बोला. दुसरं कारण."

तिनं सगळं ठरवून ठेवलं होतं. दाढ भरता भरता अख्खं भाषण जुळवलं होतं, संध्याकाळचे निरोप, ती वाट बघणं, उशीखालचा फोन. चांगलं भाषण होतं. ती तोंड उघडून उभी राहिली, आणि जे बाहेर आलं ते भलतंच.

"मी दमलेय."

झालं. एवढंच. हे तिनं आईला सांगितलं नव्हतं, मैत्रिणीला नाही, मॅडमना तर नाहीच. गिऱ्हाइकांना सांगायचा प्रश्नच नव्हता, आम्ही कधी दमत नाही.

तो हसला नाही. पिशवी मांडीवरून पलीकडं ठेवली आणि सरकला.

"मग बस ना," तो म्हणाला.

बसा नाही. बस.

तिला ते ऐकू आलं. ती बसली. आधी अंतर ठेवून. मग ते अंतर कुणी मिटवलं ते सांगता येत नाही, पण तिची मान हळूहळू कलत गेली आणि कानाला खरखरीत लोकर लागली. तो अगदी ताठ बसून राहिला, हात कुठं ठेवावा ते न कळून. शेवटी त्यानं तो तिच्या पिशवीवर ठेवला.

"पार्सलं आज जायला हवीत," ती डोळे मिटूनच म्हणाली.

"आम्ही पाठवतो," तो म्हणाला.

ती झोपेतच हसली असावी. मैत्रीण दारातून डोकावली, आणि आल्या पावली परत गेली.

आणि हो, त्या सकाळी त्याला उशीर झाला होता, कारण एका इमारतीत दोन मजल्यांच्या मध्ये एक बाई अडकल्या होत्या, आणि दार उघडेपर्यंत तो बाहेरून त्यांच्याशी बोलत बसला होता.